शिसं म्हणाले, शिळं नाही

४ फेब्रुवारी

टिल्ले,

पाकीट फोडलंस, आता पत्र फाडू नकोस. अक्षरावरून ओळखलंच असशील कोणाचं आहे. एवढं वाच, मग चुलीत घाल, माझी ना नाही.

आईवर चिडू नकोस. मी तिला फोनवर सांगितलं होतं, "टिल्लीला म्हणावं, पोराच्या रक्तात शिसं आहे का ते तपासून घे." आईला हल्ली डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि उजव्या कानावर तिचा विश्वास नाही. तिनं तुला निरोप दिला, ताई म्हणते पोराला शिळं देऊ नका. त्यावर तू म्हणालीस म्हणे, "आम्ही काय भिकेला लागलोय का, लेकराला शिळं घालायला?" आणि फोन आपटलास. माझा फोन तर तू उचलतच नाहीस. म्हणून हा कागद. शिसं, टिल्ले. बंदुकीच्या गोळीतलं, जड, करडं शिसं. पूर्वी तेलरंगात घालायचे, रंग टिकावा म्हणून. तुमच्या त्या जुन्या इमारतीतल्या खिडक्यांवर तोच रंग असणार.

आईनं मला भुंग्याचा फोटो पाठवला. मी त्याला अजून पाहिलेलं नाही, तेव्हा फोटोवरच भागवते. सारखा गुणगुणतो म्हणून भुंगा, हेही आईकडूनच कळलं. पलंगावर उभा राहून खिडकीच्या चौकटीवर हनुवटी टेकवलीय त्यानं, आणि तोंड उघडं. दुसऱ्या मावशीनं पोराचे डोळे बघितले असते, मी चौकट बघितली. धंद्याची खोड. पांढऱ्या रंगाला बारीक चौकोनी भेगा पडल्यात, आमच्या वर्गात त्याला मगरकातडी म्हणतात. आणि कडेवर दातांच्या खुणा आहेत. तो रंग गोडसर लागतो, टिल्ले. पोरं चाटतात, चावतात. आई म्हणते, त्याचं पोट दुखतं, जेवत नाही, चिडचिड करतो, आणि येत होते ते शब्दही बोलेनासा झालाय. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलंय. ते जंत नाहीत.

तू म्हणशील, ताईला कोणाच्याही घरात शिरायच्या आधी खोट दिसते. दिसते. मला पगारच त्याचा मिळतो. मी अजून तेच करते. नर्सा, प्लंबर, रंगारी, पालिकेचे निरीक्षक असे सगळे येतात, आणि माणूस स्वतःच्या घरात कशानं आजारी पडतो ते ओळखायचं कसं आणि दुरुस्त करायचं कसं, हे मी त्यांना शिकवते. संस्थेच्या मागे आमचं शिकाऊ घर आहे, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तिथे कधी कोणी राहिलं नाही. आम्ही ते मुद्दाम बिघडवून ठेवलंय. ओल आलेली भिंत, पक्ष्यानं घरटं करून बुजवलेलं धुराडं, हलणारा कठडा, जुन्या रंगाची खिडकी. प्रत्येक तुकडी बॅटऱ्या घेऊन त्यात फिरते. काल एका प्लंबरनं माझ्या डब्याचं झाकण उघडून आत बॅटरी मारली. वर म्हणतो, "सवय लागली हो." हस खुशाल. पण पुढे वाच.

तुझा रंगारी नवरा त्याच खिडकीपाशी नापास झाला. नियम साधा आहे. जुना रंग आधी पाण्यानं भिजवायचा, मग खरवडायचा. कोरडा खरवडला की पिठासारखी धूळ उडते आणि ते शिसं नाकातोंडातून पोटात जातं. लेखी परीक्षेत त्यानं हे सगळं बरोबर लिहिलं होतं. आणि खिडकीपुढे उभा राहिला तो कोरडाच सुरू झाला. थांबा म्हटलं, तर म्हणतो, "भिजवलं की खरवडायचं पातं घसरतं, ताई. हाताला बरं वाटत नाही." त्या दाखल्यावाचून त्याचं पालिकेचं काम गेलं हे मला माहीत आहे. तू नवऱ्याच्या बाजूनं उभी राहिलीस, ते ठीकच केलंस. पण आज परीक्षा घेतली तरी मी नापासच करेन.

तेव्हा भुंग्याचं रक्त तपासून घे. पलंग खिडकीपासून लांब ओढ. फरशी ओल्या फडक्यानं पूस. आणि तुझ्या नवऱ्याला त्या खिडकीला हात लावू देऊ नकोस. ते काम त्याला जमत नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय.

ताई

१५ फेब्रुवारी

टिल्ले,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलं होतं, का वाटलं कोण जाणे.

परवा तुझ्या दाराशी एक नर्स आली होती. सहज फिरत आले, बाळांची चौकशी करते, असं तिनं सांगितलं ना, ते खोटं. मी पाठवलं होतं तिला. ती माझ्याकडे शिकलीय, तुमच्याच भागात राहते, हुशार आहे आणि खोटं बोलायला अगदी कच्ची आहे. रंगाऱ्यानं तिला एका वाक्यात ओळखलं. "कोणी पाठवलं ते कळलं. आमच्या घरात काय आहे ते आमचं आम्ही बघून घेऊ, म्हणावं." आणि दार लावून घेतलं.

दार लागेपर्यंत तिला फटीतून भुंगा दिसला. फरशीवर बसला होता, पोट धरून. दाराकडे त्यानं पाहिलंही नाही. दोन-अडीच वर्षांचं पोर दार वाजलं की धावत येतं, टिल्ले. नाही आलं तर निदान मान तरी वळवतं.

गेल्या पत्रात मी थट्टा केली, डब्याचं सांगितलं. मला वाटलं, हसलीस तर ऐकशील. लहानपणी तुला कडू औषध असंच पाजायचे मी. आता थट्टा सुचत नाही. वर्गात मी दरवर्षी सांगते, शिशानं जे जातं ते सगळं परत मिळतंच असं नाही. शब्द जातात, लक्ष जातं, पोर मंद दिसायला लागतं आणि सगळे म्हणतात, असतं एखादं तसं. हे वाक्य इतक्यांदा बोलून माझी जीभ गुळगुळीत झाली होती. आज त्याच वाक्यावर अडखळले.

एका मुलीनं विचारलं, "घरच्यांनी दारच उघडलं नाही तर काय करायचं?" माझ्याकडे याचं तयार उत्तर आहे. परत जायचं, चहा दिला तर प्यायचा, आधी त्यांचं ऐकून घ्यायचं, चुका काढायच्या नाहीत. दिलं तेच उत्तर. मग वर्ग अर्धा टाकला आणि शिकाऊ घराच्या न्हाणीत जाऊन रडले. बाहेर पोरं बॅटऱ्या घेऊन ओल शोधत होती.

तुझा राग राहू दे. जन्मभर राहू दे, मी कधी दारात येणार नाही. पाया पड म्हणालीस तर पडते, तेवढ्यापुरती येते. पण पोराचं रक्त दे. एका छोट्या बाटलीचं काम आहे. कुठल्या दवाखान्यात द्यायचं ते नर्सला विचारून पाठीमागे लिहिलंय. माझं नावही सांगू नकोस. तुझ्याच मनात आलं असं सांग, रंगाऱ्यालाही तसंच सांग.

एवढं कर ग. मी कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे.

तुझी ताई

१९ फेब्रुवारी

टिल्ले, अक्षर नर्सचं आहे, बोलते मी आहे. मी फोनवर सांगतेय आणि ती लिहून घेतेय. लिहून झालं की ती तुझ्या दारात येईल आणि तू कागद घेतल्याशिवाय हलणार नाही. घरात वाचू नकोस. भुंग्याला उचल, बाहेर जिन्यात ये आणि तिथे वाच.

आत्ता आईचा फोन आला होता. खुशीत होती. म्हणाली, "झालं ना तुझ्या मनासारखं? जावईबापूंनी खिडकी नवीकोरी करून टाकली. पिवळीधमक. एका दुपारीत." मी विचारलं, खरवडली कशी? आई म्हणाली, खरवडली तशी खरवडली, मला काय ठाऊक. मी विचारलं, पोर कुठे होतं? म्हणाली, तिथेच झोपलं होतं की, गुणी बाळ, कर्रकर्र चाललं तरी उठलं नाही. दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या म्हणे, शेजारणीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ नको म्हणून. आणि मग तू झाडून घेतलंस. आई म्हणाली, टिल्लीनं घर आरशासारखं झाडलंय, तीन-तीनदा झाडते, ताईला म्हणावं आता नावं ठेवून दाखव.

झाडू नकोस. टिल्ले, काही झाडू नकोस. झाडूनं ती धूळ वर उडते आणि तासन्‌तास खाली येत नाही, ती पोराच्या नाकाच्या उंचीवर असते. ती दिसत नाही, तिला वास नाही. घर आरशासारखं दिसतं तेव्हाच ती सगळीकडे असते.

आता मी सांगते ते या क्रमानं कर. पोराचे अंगावरचे कपडे काढून दाराबाहेरच पिशवीत घाल. नर्सकडे स्वच्छ कपडे आहेत. त्याचे हात, तोंड, केस धू, तिच्या घरी धू, तुझ्या घरी नको. मग तिच्याबरोबर तशीच दवाखान्यात जा. तिनं सांगून ठेवलंय. वाटेत ओकला किंवा पेंगायला लागला तर तिला लगेच सांग. त्याची दुलई घेऊ नकोस, खेळणं घेऊ नकोस, रडला तरी घेऊ नकोस.

त्या खोलीचं दार ओढून घे आणि कोणी आत जाऊ नका.

रंगाऱ्यावर ओरडू नकोस. आत्ता नको. आत्ता फक्त नीघ.

मी पहिल्या गाडीनं येतेय. मी येऊ नये असं तुला वाटत असेल तर वाटू दे.

ही नर्स आता रडतेय आणि विचारतेय हेही लिहू का. लिही म्हटलं. टिल्ले, जा.

२४ फेब्रुवारी, तुझ्या घरातून

टिल्ले,

हे पत्र नर्सच्या हाती देतेय. तू वॉर्डात आणि मी इथे, मध्ये चार गल्ल्या, आणि पत्रं लिहायची वेळ आलीय. पण त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात तू मला एकच वाक्य बोललीस आणि पाठ फिरवलीस, तेव्हा समोर येऊन बोलायचं धाडस होत नाही.

तू म्हणालीस, "त्यानं तुझं पत्र वाचलं, ताई."

बरोबर आहे. पानभर पत्रात मी चार कामाच्या गोष्टी लिहिल्या आणि शेवटी त्या दोन ओळी लिहिल्या, त्याला हात लावू देऊ नकोस, त्याला जमत नाही. त्या ओळींची गरज नव्हती. पलंग हलव, एवढंच पुरे होतं. बापाला सांगितलं की तुझ्या पोराच्या उशाशी विष आहे आणि वर सांगितलं की तुला त्यातलं काही येत नाही. कुठला बाप गप्प बसेल? मी इतकी वर्षं लोकांना घरात शिरून बोलायचं कसं ते शिकवते आणि माझ्या बहिणीच्या घरात असं बोलले. तू मला काय म्हणायचं ते म्हण. माझं मला म्हणून झालंय.

घराचं सांगते. किल्ली नर्सनं आणून दिली, तुला विचारून दिली असेल असं समजते. संस्थेतून बारीक गाळणीचं यंत्र आणलंय, ते धूळ ओढतं आणि बाहेर सोडत नाही. भिंती वरून खाली, मग फरशी, मग साबणाच्या पाण्यानं पुसायचं, मग परत यंत्र. दर पुसण्याला पाणी बदलायचं. पलंगाची गादी गेली, पडदे गेले, कापडी खेळणी गेली. लाकडी गाडी धुऊन ठेवलीय. स्वयंपाकघर झालं. बाहेरची खोली झाली. भुंग्याची खोली अजून चालू आहे.

त्या खोलीत मी एक पाहिलं, ते तुला सांगितलं पाहिजे. पलंगाखाली बादली होती, फवारणीची बाटली होती, ओलं फडकं होतं. खेळणी चादरीत बांधून कोपऱ्यात ठेवली होती. नव्या पिवळ्या रंगाखाली चौकटीचा खालचा भाग फुगलाय, पाणी पिऊन फुगतो तसा. वरचा भाग फुगलेला नाही. म्हणजे सुरुवात त्यानं भिजवूनच केली होती, टिल्ले. मी शिकवलं तसं. मग कुठेतरी मध्येच हात जुन्या वळणावर गेला. त्याला ते कळलंही नसेल.

तू नर्सला विचारलंस, तो परत बोलेल का, ताईला विचार. तिनं विचारलं. मला ठाऊक नाही, टिल्ले. काही मुलं सावरतात, काहींचं थोडं राहून जातं. लवकर कळलं तर बरं होतं आणि हे फार लवकर नाही, फार उशिराही नाही. तुला बरं वाटावं म्हणून मी वाटेल ते खोटं बोलेन, तुझ्या शाळेत आईच्या नावाची सही केलीच होती की मी. यात नाही बोलता येत.

डॉक्टर म्हणालेत, घर साफ झाल्याचा कागद आल्याशिवाय पोराला घरी सोडणार नाही. तो कागद मी माझ्या हातानं लिहिणार नाही, दुसरा निरीक्षक येऊन तपासेल. माझ्या कामावर मी सध्या विश्वास ठेवत नाही.

जेव. नर्स सांगते तू जेवत नाहीस.

ताई

२ मार्च

रंगारी,

तुम्हाला काय म्हणून हाक मारावी कळत नाही. वर्गात नावानं मारायचे, घरात कधी मारायची वेळच आली नाही. मी व्हरांड्यात आले की तुम्ही उठून जिन्याकडे जाता, म्हणून हे नर्सच्या हाती पाठवतेय. तुमची बायको मला काल पाणी आणून देऊन गेली, बोलली नाही. पण हे लिही असं तिनंच नर्सकडून कळवलंय.

पोराला दाखल केल्यापासून तुम्ही वॉर्डात पाऊल टाकलेलं नाही. दाराशी येता, परत जाता, व्हरांड्याच्या टोकाच्या बेसिनवर हात धूत राहता. कातडी फाटलीय तुमची. नर्सला तुम्ही म्हणालात, "या हातांनी त्याला विष चारलंय. आता नाही लावायचा."

इंजेक्शनं संपली. आता औषध तोंडानं द्यायचं आहे. कॅप्सूल फोडून आतली पूड कुस्करलेल्या केळ्यात कालवायची, दिवसातून तीन वेळा. त्या पुडीला नासक्या अंड्यासारखा वास येतो. मोठ्या माणसाला मळमळेल. भुंगा तोंड गच्च मिटतो. टिल्लीनं करून पाहिलं, नर्सनं करून पाहिलं. मी वाटी घेऊन पुढे गेले तर किंचाळला, त्याच्या लेखी मी कोण? काल त्यानं सगळं थुंकलं. आज सकाळचंही थुंकलं. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर परत सुया, आणि पोराच्या दोन्ही मांड्या टोचून टोचून कडक झाल्यात. औषध मध्येच सुटलं तर हाडांत बसलेलं शिसं पुन्हा रक्तात उतरतं. हे तुम्हाला समजेल. तुम्ही लेखी परीक्षेत चांगले होतात.

टिल्ली म्हणते, घरी तो औषध फक्त तुमच्याकडून घ्यायचा. काय करता विचारलं, तर तिलाही नीट सांगता येत नाही. काहीतरी बडबडता म्हणे, आणि चमचा आधी स्वतःच्या नाकाला लावता.

काल दुपारी मी बेसिनपाशी आले, तुमचा हात धरला आणि त्यावरून कापड फिरवलं. तुम्हाला वाटलं मी भांडायला आलेय, तुम्ही दोन्ही हात पुढे करून नुसते उभे राहिलात. ते कापड आम्ही कामगारांसाठी वापरतो. बोटांच्या बेचक्यात, नखांखाली, कुठेही शिशाचा कण असला की लाल होतं. मी दोन्ही हात पुसले, मनगटापर्यंत. मग तुमच्या शर्टाच्या बाह्या पुसल्या. जिन्यात बसून मी ते कापड उजेडात धरलं आणि दुसरं घेऊन परत येऊन पुन्हा पुसलं, तेही तुम्हाला आठवत असेल. दोन्ही पांढरी राहिली. तुमच्या हातांवर काही नाही. साबण सोडा आता.

खिडकीचं जे झालं ते तुमच्या आणि माझ्या मध्ये राहील. मला माफ करा असं मी आज म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका. त्याला पुढे वेळ आहे. पोराला नाही.

आणखी एक. तुम्हाला बाहेरून दिसत नाही, मी आतून पाहिलंय. तुम्ही व्हरांड्यात खोकता तेव्हा तो रडायचा थांबतो. तुमचा खोकला ऐकला की श्वास धरून बसतो. मग तुमची पावलं लांब जातात आणि तो पुन्हा सुरू होतो. मला आधी वाटलं योगायोग असेल. नाही.

दुपारच्या औषधाची वेळ झालीय. टिल्ली वाटी घेऊन दाराच्या आत उभी आहे, तिला हाक मारवत नाहीये. कागद तिथेच टाका आणि आत जा. त्यानं तोंड फिरवलं तरी बाहेर येऊ नका.

ताई